हँडब्रेक खाली, तरी लाल दिवा पेटलेलाच

आमची गाडी २०१० सालची पेट्रोल हॅचबॅक, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर पासिंग. चालायला अजून ठणठणीत आहे. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण होणार, म्हणजे आरटीओत नेऊन नोंदणीचं नूतनीकरण करून घ्यावं लागणार, हे डोक्यात होतंच. त्याच्या आधी जुलैच्या पावसात मीटरवरचा ब्रेकचा लाल दिवा चाळे करायला लागला. गोलात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस, तो दिवा. शोधायला गेलं तर एक तर "ताबडतोब गाडी थांबवा" सापडतं, नाहीतर "काही नाही, दुर्लक्ष करा". म्हणून जे जसं घडलं ते लिहून ठेवते आहे.

सुरुवातीला दिवा फक्त स्पीडब्रेकरवर लुकलुकायचा. हँडब्रेकचा दांडा हाताने आणखी खाली दाबला की विझायचा. हे नीट लक्षात ठेवा, कारण दिवा कधी लुकलुकतो यावरूनच निम्मं निदान होतं. वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर लुकलुकत असेल, तर बहुधा ब्रेक ऑइल कमी झालेलं असतं; टाकीतलं ऑइल एका बाजूला कलतं आणि तरंगता सेन्सर खाली येतो. खड्ड्यात, दचक्याला लुकलुकत असेल, तर संशय हँडब्रेकच्या दांड्याखालच्या बटणावर घ्यायचा. ऑगस्ट उजाडला तेव्हा आमचा दिवा कायमचाच पेटला. दांडा दाबा, ओढा, काही फरक नाही.

तो कायम पेटलेला राहण्यात खरा धोका काय, हे मला शेजारच्या काकांनी समजावलं. काका एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मी म्हटलं, "काका, हँडब्रेक तर खाली आहे, मग दिवा खोटंच बोलतोय ना?" ते म्हणाले, "पोरी, त्यो एकच दिवा दोघांचं काम करतोय. हँडब्रेक वढलाय हे बी त्योच सांगणार आन् ऑइल गळालंय हे बी त्योच. आता कायमच पेटलेला म्हटल्यावर उद्या खरंच ऑइल गळालं तर तुला कळणार कसं?"

त्या वाक्यानंतर मी चालढकल केली नाही. बरेच जण हा दिवा महिनोन्‌महिने पेटलेला ठेवून फिरतात, मीही अशा गाड्यांत बसले आहे. पण आधी गाडी चालवण्याजोगी आहे का हे बघायला हवं होतं. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघितली. अर्धपारदर्शक डबी असते, बाजूला किमान आणि कमाल अशा दोन रेषा. आमचं ऑइल खालच्या रेषेच्या जरासं वर होतं. पेडल घट्ट होतं, खाली जात नव्हतं. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी ढकलली तर सहज सरकत होती, म्हणजे हँडब्रेक खरोखरच सुटलेला होता. थोडं फिरून आल्यावर मागच्या चाकांजवळ हात नेला, तर वेगळी धग जाणवली नाही (हात जवळ न्यायचा, ब्रेकच्या ड्रमला लावायचा नाही). यातलं एक जरी बिघडलेलं असतं तर मी टोईंगच बोलावलं असतं.

एक सूचना आत्ताच देते. ऑइल खाली गेलेलं दिसलं की लगेच वरून भरून मोकळं होऊ नका. पुढचे ब्रेक पॅड झिजले की ते दाबणारे पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतली पातळी आपोआप खाली जाते. आधी पॅड बघायचे, गळती बघायची, मग ऑइल. आणि ते ऑइल गाडीच्या रंगावर सांडू देऊ नका, रंग सोलून काढतं.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर लावला, तर आठवड्यानंतरची तारीख मिळाली. (नाव देत नाही, कारण तक्रार म्हणावी असं काही नाही.) सकाळी गाडी दिली, जॉबकार्डवर सही केली. जॉबकार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यायला सांगा. सल्लागार नुसतं "ब्रेक चेक" लिहितात आणि मग चारी चाकं उघडली जातात. मी लिहून घेतलं, "हँडब्रेक खाली असताना लाल दिवा पेटतो, ब्रेक व्यवस्थित लागतात". दुपारी फोन आला. तपासणीचे ३५० रुपये, आणि दुरुस्तीचा अंदाज ३,९०० रुपये. का, तर त्यांच्या यादीत बटण दांड्याच्या सेटसकटच येत होतं आणि पुढच्या दोन सीटांमधला प्लास्टिकचा कन्सोल पूर्ण उतरवण्याची मजुरी वेगळी. मी अंदाजपत्रक छापून घेतलं, ३५० भरले आणि गाडी परत आणली. निघता निघता त्याच इमारतीतल्या स्पेअर पार्टच्या काउंटरवर गेले. तिथल्या मुलाने चॅसिस नंबर टाकून स्क्रीनवर आकृती उघडली, तर त्यात बटण वेगळं दाखवलेलं होतं, स्वतंत्र पार्ट नंबरसकट. स्टॉकमध्ये नव्हतं आणि मागवलं तर कधी येईल ते सांगता येत नव्हतं. पण नंबर कागदावर लिहून दिला, आणि पुढचं सगळं त्या कागदावर झालं. तुम्हीही आरसीची प्रत घेऊन पार्टच्या काउंटरवर थेट विचारा. सल्लागार आणि काउंटर यांच्या पडद्यावर एकच चित्र असेल असं नाही.

१७ ऑगस्टच्या रविवारी काकांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभं राहून माझ्याकडून निदान करून घेतलं. स्वतः हात लावला नाही. "तूच कर, म्हंजी ध्यानात ऱ्हाईल."

आमच्यासारख्या जुन्या, साध्या गाड्यांत या दिव्याचं गणित फार सोपं आहे. चावी ऑन केली की दिव्याच्या एका टोकाला बॅटरीचे १२ व्होल्ट मिळतात. दुसरं टोक गाडीच्या बॉडीला टेकलं, म्हणजे अर्थिंग मिळालं, की दिवा पेटतो. ते टोक बॉडीला टेकवणारे दोघे: ऑइलच्या टाकीतला सेन्सर आणि हँडब्रेकचं बटण. दोघांपैकी कुणीही टेकवलं तरी दिवा लागतो. तेव्हा एकेकाला बाजूला काढून बघायचं.

चावी ऑन, इंजिन बंद. आधी ऑइलच्या टाकीवरचं दोन वायरींचं कनेक्टर सोडवलं. दिवा तसाच. म्हणजे सेन्सर निर्दोष. कनेक्टर परत लावलं. मग दांड्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण काढलं. दोन स्क्रू मागच्या बाजूच्या छोट्या टोप्यांखाली लपलेले होते आणि दोन कपहोल्डरच्या तळाशी, रबराच्या चकतीखाली. बाजूच्या क्लिपा हाताने ओढल्यावर सुटल्या. थंडीत किंवा जुन्या गाडीत त्या तुटतात, तेव्हा घाई नको. आवरण वर उचललं आणि दांड्याच्या मुळाशी ते बटण दिसलं. अंगठ्याच्या पेराएवढं, एका स्क्रूने पट्टीवर बसवलेलं, एकच वायर. गाडीचं दार उघडलं की आतला दिवा लावणारं बटण असतं ना, त्याच जातीचं. दांडा खाली असला की बटण दाबलेलं राहतं आणि जोड तुटलेला असतो. दांडा वर गेला की स्प्रिंग बटणाला बाहेर ढकलते आणि जोड लागतो.

वायर ओढून काढली. दिवा विझला. वायरचं टोक जवळच्या लोखंडाला टेकवलं. पेटला. वायरिंग चांगलं, बटण खराब, हे इतकं स्वच्छ कळलं की मला हसूच आलं. दिवा विझला नसता, तर दोष वायरीत कुठेतरी घासून बॉडीला लागल्याचा, आणि ते काम मी इलेक्ट्रिशियनकडेच दिलं असतं.

इथे दोन इशारे. गाडीत एअरबॅग असतील तर त्यांचं कंट्रोल युनिट बऱ्याचदा याच कन्सोलखाली असतं आणि त्यांची कनेक्टरं पिवळ्या रंगाची असतात. तिथे चुकूनही हात नको. बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबल्याशिवाय कन्सोल उघडू नये, आणि त्याहून बरं म्हणजे जाणकाराला द्यावं. आमच्या बेसिक मॉडेलात एअरबॅगच नाहीत, म्हणून माझं धाडस. दुसरं, ज्या नव्या गाड्यांत दांड्याऐवजी बटणावर चालणारा इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक आहे, त्यांना यातलं काहीही लागू नाही. तिथे स्कॅनरच लागतो.

बटण काढून हातात घेतलं तर त्याच्या तोंडाशी तपकिरी, काचेसारखा कडक थर. नखाने खरवडला तर चिकट. वास घेतला आणि उलगडा झाला: उसाचा रस! कन्सोलच्या कपहोल्डरमध्ये आमच्या कन्येचा ग्लास किती उन्हाळे कलंडलाय ते तिलाच माहीत. तो रस झिरपून बटणात गेला, वर धूळ बसली, आत गंज. बटण दाबलं की अर्ध्यात अडकायचं. मल्टिमीटर (वीज तपासायचं यंत्र, शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या औद्योगिक भागात, ३०० रुपयांना घेतलं, पुढेही उपयोगी पडलं) बीपच्या खुणेवर, म्हणजे जोड लागलेला असला की वाजेल असं, ठेवून एक टोक बटणाच्या पत्र्याला आणि एक वायरीच्या जागेला लावलं. सुटं बटण, बीप. हे बरोबर. दाबलेलं बटण, तरीही बीप. इथे आवाज थांबायला हवा होता. जरा पिळून दाबलं की थांबायचा आणि सोडलं की बटण बाहेरच यायचं नाही.

काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे मारून, पुसून, पुन्हा मारून बटण मोकळं केलं. लावलं, दिवा विझला. रंकाळा तलावापर्यंत जाऊन आलो तरी विझलेलाच. त्या आठवड्यातच पुन्हा पेटला. आतले पत्रेच खाल्लेले होते, बाहेरून कितीही धुतलं तरी काय उपयोग. स्प्रेने निभावेल असं सांगणारे भेटतील, एखाद्याचं निभावतही असेल. माझं मत असं की गंज दिसला की बदलाच.

शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजवाल्या भाऊंकडे बटण घेऊन गेले. त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे कशाला बदलताय? वायर काढून टेप मारतो, दिवा गेलाच म्हणून समजा. पन्नास रुपय द्या, चा पिऊन जावा."

चहा घेतला, टेप नको म्हटलं. पण खरं सांगायचं तर टेपेचा सल्ला सगळाच टाकाऊ नव्हता. नवं बटण मिळेपर्यंत मी तेच केलं: वायरीच्या टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळून ती बाजूला बांधून ठेवली. त्यामुळे दिवा विझलेला राहिला आणि ऑइलचा इशारा द्यायला मोकळा झाला. कायम पेटलेल्या दिव्यापेक्षा हे बरं. मात्र हँडब्रेक ओढलेला ठेवूनच निघालं तर सांगणारं कुणी उरत नाही, आणि तसंच गाव ओलांडलं तर मागच्या ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमला घासणारे थर, जळतात. म्हणून स्टीअरिंगच्या मधोमध "हँडब्रेक बघ" अशी चिठ्ठी चिकटवली. ती वाचून पेट्रोलपंपावरचा पोरगा मला रोज बघायला लागला, ते वेगळं. तात्पुरता उपाय म्हणून टेप चालेल, कायमचा म्हणून मुळीच नाही.

पार्ट नंबरचा कागद आणि जुनं बटण प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन स्पेअरच्या दुकानांत फिरले. दोन्ही सोबत ठेवा. एका दुकानात अगदी तसंच दिसणारं बटण १२० रुपयांत मिळत होतं, पण शेजारी शेजारी धरल्यावर त्याची दांडी काही मिलिमीटरने लांब. तेवढ्याने दांडा पूर्ण खाली बसण्याआधीच बटण तळाला टेकतं, नाहीतर आखूड असेल तर दाबलंच जात नाही. शेवटी एका काउंटरवर २५ ऑगस्टला १०० रुपये आगाऊ देऊन मूळ कंपनीचं मागवलं. पुण्याहून येणार होतं. पण २७ ला गणपती बसले, आणि कोल्हापुरात गणपतीत स्पेअर पार्टची चौकशी करणाऱ्याकडे लोक कीव करून बघतात. विसर्जनाच्या मिरवणुका संपून दुकानं ताळ्यावर येईपर्यंत फोन उचलला जाईना. ८ सप्टेंबरला त्यांचाच फोन आला, "मॅडम, आलंय."

किंमत १८० रुपये, छापील. आधीच्याच आठवड्यात जीएसटी कमी होणार म्हणून जाहीर झालं होतं, गाड्यांच्या सुट्या भागांवरचा २८ टक्क्यांचा कर २२ सप्टेंबरपासून १८ टक्के. दुकानदार प्रामाणिकपणे म्हणाले, "थांबायचं असंल तर थांबा." हिशेब केला तर चौदा-पंधरा रुपयांचा फरक. घेऊन आले. टायर-बॅटरीसारखी मोठी खरेदी असती तर नक्की थांबले असते. बिल मात्र मागून घेतलं.

१४ सप्टेंबरच्या रविवारी बसवलं. गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये, चाकांच्या पुढे-मागे विटा. हँडब्रेकवर काम करताना हँडब्रेकवर विसंबून चालत नाही, हे सांगायला नकोच. बॅटरीचं निगेटिव्ह टोक १० नंबरच्या पान्याने सोडवलं. कन्सोलच्या पोकळीत आधी एक जुना टॉवेल कोंबला. बटणाचा स्क्रू हातातून निसटला तर थेट कार्पेटखाली जातो आणि मग सीट काढण्यापर्यंत प्रकरण जातं. निसटलाच, टॉवेलवर पडला. ज्या पट्टीवर बटण बसतं ती सँडपेपरने घासून चकचकीत केली, कारण बटणाला अर्थिंग त्या स्क्रूतून आणि पट्टीतूनच मिळतं. तिथे गंज राहिला तर नवं बटणही लहरीपणा करणार.

स्क्रू अर्धवट आवळून वायर लावली, बॅटरी जोडली आणि चावी ऑन करून बघितलं. दांडा पूर्ण खाली, दिवा विझलेला. एक खटका वर, पेटला. पुन्हा खाली, विझला. पट्टीच्या भोकात बटणाला थोडी सरकायला जागा असते, ती सरकवून पहिल्याच खटक्याला दिवा लागेल अशी जागा धरली आणि मग स्क्रू पक्का केला. जोर लावू नका, पत्रा पातळ असतो. आवरण बसवण्याआधी ही परीक्षा घ्या. आम्ही स्पीडब्रेकरवरून एक चक्करही मारून आलो, कन्सोल उघडाच ठेवून. काका पुढच्या सीटवर बसून दिव्याकडे टक लावून होते. काही बोलले नाहीत, उतरताना फक्त "आता ऑइल बदल" म्हणाले.

ते बरोबरच होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमच्या सर्व्हिसच्या वहीत शेवटची नोंद त्याहून बरीच जुनी होती आणि रंग काळपट तपकिरी झालेला. त्याच उद्यमनगरातल्या भाऊंकडे पॅड तपासून घेतले. अर्ध्याहून जास्त शिल्लक होते. डॉट ३ दर्जाचं सीलबंद ऑइल २२० रुपये, चारी चाकांच्या ब्रेकमधली हवा काढून ते बदलायची मजुरी ४०० रुपये. कोणतं ऑइल घालायचं ते टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. उघड्या बाटलीतलं उरलेलं ऑइल कुणी घालायला लागलं तर थांबवा. भाऊंनी डॅशबोर्डकडे बघून "शेवटी घातलंसाच व्हय बटण" एवढं म्हटलं.

मग आरटीओ. नोंदणी संपण्याच्या आधीच्या साठ दिवसांत अर्ज करता येतो, फॉर्म २५. परिवहनच्या संकेतस्थळावर भरला. आमच्यासारख्या पंधरा वर्षं झालेल्या कारच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, आधी ६०० होती. त्यावर पर्यावरण कर वेगळा. उशीर झाला तर कारला महिन्याला ५०० रुपये दंड. विमा आणि पीयूसी चालू हवेत. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी म्हणून उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागली, ७४५ रुपये आणि वर जीएसटी. तिच्या फिटिंगची तारीख लांबची मिळते, तेव्हा आधी ती नोंदवा, बाकीचं नंतर. कागदांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स दोन्ही न्या. संकेतस्थळावर चढवलेले असले तरी खिडकीवर मागतात.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तपासणी झाली. सकाळी लवकर गेले तरी रांग होतीच, आणि माझ्यापुढे तीन जुन्या जीपा, सगळ्यांचा हॉर्न तपासून होईपर्यंत कान बधिर. निरीक्षकांनी चॅसिस नंबर बघितला, त्याचा पेन्सिलने ठसा घेतला. दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न. मग दारातून आत डोकावून म्हणाले, "हँडब्रेक ओढा. सोडा." दिवा लागला, विझला. त्यांनी कागदावर खूण केली आणि पुढच्या गाडीकडे गेले. माझ्या छातीत उगाचच धडधडत होतं.

या दिव्यापायी झालेला खर्च असा: बटण १८०, तपासणी ३५०, मल्टिमीटर ३००, काँटॅक्ट क्लीनर २५०, ऑइल आणि मजुरी ६२०. आरटीओचा खर्च त्यात धरलेला नाही, तो दिवा नसता तरी होणारच होता. पार्ट नंबर मिळवण्यासाठी पुन्हा सर्व्हिस सेंटरला जायचं झालं तर मी ते ३५० पुन्हा देईन.

कन्सोलची एक क्लिप काढताना तुटली, तिथे साठच्या वेगाला खडखड येते. क्लिप मागवली आहे. पाच-पाचच्या पाकिटातच मिळते म्हणे, तेव्हा कोल्हापुरात कुणाला तशीच लागत असेल तर माझ्याकडे चार उरतील.